पावसाळ्यात कॅम्पर कुठं लावायची आणि बॅटरी कशी टिकवायची? (सातारा)

यवतेश्वरचं_वळण · 12 मे

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय.

आमच्याकडं जुनी ट्रॅव्हलर आहे, दोन वर्षांपूर्वी तिची कॅम्पर करून घेतली. मागं बेड, छोटं किचन, 60 लिटरची पाण्याची टाकी, 12 व्होल्टचा फ्रीज, आणि घरी इन्व्हर्टरला असते तसली 150 एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी, तिच्यावर इन्व्हर्टर. इंजिनाची बॅटरी वेगळी. मी, बायको, दोन पोरं आणि आई असे निघतो. ऑक्टोबर ते मे गाडी फिरते, जून ते सप्टेंबर उभी.

गोडोलीत आमच्या बोळात ती मावत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात मामांच्या शेतात, लिंबला, गोठ्यामागं ताडपत्री घालून लावली. सप्टेंबरात कासला जायचं म्हणून काढायला गेलो तर सेल मारल्यावर नुसता टक् आवाज. मागची बॅटरी चार्जरला लावली, तासाभरात आतलं पाणी खदखदायला लागलं पण चार्ज काही धरेना. गादीच्या खालच्या बाजूला काळी बुरशी, हात लावला तर कापड फाटलं. आणि किचनचा ड्रॉवर उघडला तर सीटचा फोम कुरतडून उंदरानं घरटं केलेलं, आत पाच गुलाबी पिल्लं. पोरगी रडायला लागली, बाबा त्यांना बाहेर टाकू नका. ट्रिप तिथंच संपली.

बॅटरीचे सोळा हजार गेले. सगळी बटणं बंद करून गेलो होतो, मी स्वतः दोनदा बघितलं होतं, तरी बॅटरी कशी गेली हे मला अजून कळलेलं नाही.

यंदा तीन पर्याय आहेत. एक, परत मामांकडं. दोन, एमआयडीसीतलं एक गोडाऊन, महिना अडीच हजार, पूर्ण बंदिस्त, कुलूप त्यांचं, पण लाईटचा पॉईंट देत नाहीत. तीन, शेंद्र्याच्या अलीकडं ओळखीच्यांचं मंगल कार्यालय, मागं पत्र्याची शेड, रात्रंदिवस वॉचमन, लाईट आहे, पण शेड तीन बाजूंनी उघडी. काय करू? आणि बॅटरीचं नेमकं काय करायचं?

तांबडा_रस्सा · 12 मे

लई वाईट वाटलं राव. पिल्लांचं काय केलं मग?

यवतेश्वरचं_वळण · 12 मे

मामांनी ड्रॉवरसकट उचलून कडब्याच्या गंजीपाशी नेऊन ठेवलं. संध्याकाळी बघितलं तर आईनं सगळी हलवलेली. पोरगी शांत झाली.

दहाचाकी_दादा · 12 मे

भावा सोप्पंय. 28 वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये आहे. आठवड्यातनं एकदा जायचं, गाडी स्टार्ट करायची, पंधरा मिनिटं रेस द्यायची, बंद करायची. बॅटरी मरायचा विषयच येत नाही. मामांना सांगून ठेव, चावी त्यांच्याकडं दे.

मिरज_वायरिंग · 13 मे

दादा, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, जागेवर पंधरा मिनिटं चालवून काही होत नाही, उलट नुकसान आहे. सेल मारताना बॅटरीतनं एकदम मोठा करंट जातो आणि आयडलला आल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनामो) काही पूर्ण ताकदीनं चार्ज करत नाही. बॅटरी आधीच अर्धी असेल तर ती भरायला कित्येक तास लागतात, पंधरा मिनिटांत जेमतेम खर्चलेलं परत येतं. शिवाय डिझेल इंजिन तेवढ्यात नीट तापत नाही, सायलेन्सरात पाणी साचतं ते तसंच राहतं आणि आतनं गंजतो. आणि या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत, मागची जोडलेली नसेल तर इंजिन चालवून तिला थेंबही मिळत नाही.

आता मूळ प्रश्न. सगळं बंद केलं होतं असं प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं आणि ते खरंच असतं. बटण बंद म्हणजे करंट बंद असं आताच्या गाडीत राहिलेलं नाही. जीपीएस ट्रॅकर, टेपची मेमरी, सेंट्रल लॉक, अलार्म, यूएसबी सॉकेटचा निळा दिवा, गॅस डिटेक्टर, फ्रीजचा डिस्प्ले, हे सगळे थोडं थोडं पीत असतात. समजा 50 मिलिॲम्पिअर. ऐकायला काहीच नाही. पण 24 तासांत 1.2 एएच, महिन्याला 36 एएच. चार महिन्यांत इंजिनाची बॅटरी साफ.

आणि रिकामी झालेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. सुरुवातीला तो मऊ असतो, चार्ज केला की जातो. महिनाभर तसाच ठेवला की कडक होतो, मग कितीही चार्जर लावा, नुसतं पाणी उकळतं आणि बॅटरी काही घेत नाही. तुम्ही लिहिलंय ते अगदी तेच झालं. बॅटरी वापरून मेली नाही, उपाशी राहून मेली.

एक काम करा. मल्टिमीटर घ्या, चारपाचशेला मिळतो, 10 ॲम्पिअरचा डीसी करंट मोजणारा. लाल वायर मीटरच्या 10 ॲम्पिअरच्या भोकात लावायची, साध्या व्होल्टच्या भोकात नाही. गाडी बंद, चावी काढलेली, दारं लावून अर्धा तास थांबा म्हणजे सगळं झोपेल. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि बॅटरीचा खांब यांच्या मधे मीटर धरा. आकडा लिहून घ्या. दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळं. मीटर लावलेला असताना सेल मारू नका, फ्रीज चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्यावर आकडा खाली पडेल तो चोर.

मोजा आणि इथं लिहा. आकडा कळल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

दहाचाकी_दादा · 13 मे

पटलं. आमच्या गाड्या रोज पळतात, उभ्या राहिल्या तर धंदा कसला. चार महिने उभ्या गाडीचा अनुभव मला नाही, ते मी मान्य करतो. पण टायरचं मी सांगतो, ते ऐक. चार महिने एकाच जागी वजन बसलं की टायर खालनं चपटा होतो, मग पहिले वीस किलोमीटर गाडी थडथड करते, कधीकधी तो चपटेपणा जातच नाही. हवा नेहमीपेक्षा पाचेक पॉइंट जास्त भर, टायरखाली लाकडी फळ्या टाक, मातीत नको उभी करू. आणि हँडब्रेक ओढून अजिबात ठेवायची नाही, पावसात लायनर ड्रमला चिकटतो, मग चाक फिरत नाही, ड्रम उतरवावा लागतो. गिअरमध्ये ठेव आणि चाकाला पुढनंमागनं लाकडी ठोकळे लाव.

कृष्णाकाठ · 13 मे

सांगलीतून लिहितोय. बॅटरीच्या आधी जागेचं बोला. लिंब म्हणजे कृष्णेकाठ. मामांचं शेत नदीपासून किती उंच आहे?

आमचं सांगतो. ऑगस्ट 2019. आमची कॅम्पर म्हणजे साधी ओम्नी होती, वडिलांनी हौसेनं बेड वगैरे करून घेतलेली. गल्लीत भिंतीवर 2005 च्या पुराची लाल रेघ होती. भावानं आणि मी गाडी त्या रेघेच्या दोन फूट वर असलेल्या उताराला नेऊन लावली आणि निर्धास्त झालो. आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोका पातळी आहे, 2005 ला पाणी 53 च्या वर होतं, 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं. आमची लाल रेघ पाण्याखाली कुठं गेली कळलं नाही. पाच दिवसांनी गेलो तर गाडीच्या आत डॅशबोर्डवर गाळ, आणि गाळावर कोंबडीच्या पायांचे ठसे, काच फुटली होती तिथनं आत आली असणार.

मेकॅनिकनं फोनवर सांगितलं होतं, काहीही करा पण चावी फिरवू नका, आधी बॅटरीची वायर काढा. भावाला दम निघाला नाही, त्यानं सेल मारला. इंजिनात पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला. नुसतं पाणी काढून, ऑइल बदलून सुटली असती ती गाडी.

म्हणून सांगतो, जुनी रेघ बघून जागा ठरवू नका. नदी, ओढा, नाला यांच्यापासून लांब, आणि ज्या रस्त्यानं गाडी बाहेर काढायची तो रस्तासुद्धा पाण्याखाली जाणारा नको. गाडी कोरडी आणि रस्ता बंद, असं पण होतं.

यवतेश्वरचं_वळण · 13 मे

@कृष्णाकाठ दादा, वाचून अंगावर काटा आला. मामांचं शेत गावाच्या वरच्या अंगाला आहे, बारा मोटेच्या विहिरीकडनं अजून पुढं, नदीचं भय नाही. पण मधे एक ओढा ओलांडावा लागतो, त्याच्यावर फरशी पूल आहे, जुलैत दोनचार वेळा ती पाण्याखाली असते. हा विचार मी केलाच नव्हता.

माणदेशी_वारा · 14 मे

आमच्या म्हसवडला आणून लावा की. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला 5000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि आमच्या माणात 500 च्या आसपास, तो पण पडला तर. बुरशीला आमच्याकडं आधार कार्ड मिळत नाही. घराशेजारी मोकळी जागा आहे, पैसे नकोत, फक्त निघताना एकदा जेवून जायचं.

तांबडा_रस्सा · 14 मे

म्हसवडला जेवायला माझी पण गाडी लावतो. सायकल आहे, चालेल का

माणदेशी_वारा · 14 मे

चालेल, बॅटरीचा प्रश्नच नाही तिच्या.

अनघा_शाहूपुरी · 14 मे

माझी ईको आहे, तिसरा पावसाळा. मला बॅटरीपेक्षा आतल्या ओलाव्यानं जास्त त्रास दिला, म्हणून त्यावर लिहिते.

ताडपत्री थेट गाडीवर घालू नका हो. वरनं पाणी अडतं खरं, पण खालनं जमिनीची वाफ वर येते ती आतच कोंडते आणि सकाळी ताडपत्रीच्या आतल्या बाजूनं थेंब टपकत असतात. वाऱ्यानं ताडपत्री हलते आणि रंगावर घासते ते वेगळंच. वर पत्रा हवा, बाजूनं वारा हवा. त्यामुळं तुमच्या तिन्ही पर्यायांत मला तीन बाजूंनी उघडी शेड चांगली वाटते, बंद गोडाऊन नाही. सिमेंटचं बंद गोडाऊन जुलैत आतनं किती ओलं असतं ते एकदा आत उभं राहून बघा.

लावायच्या आधी मी एक अख्खा दिवस देते, मे महिन्यातल्या कडक उन्हाचा. गाद्या काढून गच्चीवर, मग घरी. ज्या घरी नेता येत नाहीत त्या आडव्या नाही ठेवायच्या, उभ्या करून टेकवायच्या म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागते. पाण्याची टाकी रिकामी, पंप सुरू करून नळीतलं पाणी पण संपवायचं, शेवटी नळ उघडेच ठेवायचे. फ्रीजचं दार बंद ठेवलं तर महिन्यात आत काळे ठिपके येतात, मधे नॅपकिनची घडी घालून दार फटीएवढं उघडं ठेवते. कपाटं, ड्रॉवर सगळे उघडे. सिलिंडर काढून घरी, रेग्युलेटरसकट. गाडीत कधीच ठेवायचा नाही, बंद गाडीत थोडी गळती झाली तरी गॅस जड असल्यामुळं खाली साचून राहतो.

खाण्याची वस्तू एकही नको, चहा-साखरेचा डबा, पोरांच्या बिस्किटाचा चुरा, अगदी साबणाची वडी सुद्धा. उंदीर साबण खातात. पावसात बिळांत पाणी शिरतं, मग ते कोरडी जागा शोधत येतात. खाली वायरींसाठी पाडलेली भोकं असतात, कॅम्पर करताना सुताराने पाडलेली, ती बोटाएवढी जरी असली तरी उंदीर येतो. त्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून भरली, गेल्या दोन पावसाळ्यांत एकही आला नाही. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या सगळं करून बघितलं, वास असतो तोवर ठीक. विष ठेवू नका, कुठल्यातरी पॅनेलच्या मागं जाऊन मरतो आणि महिनाभर वास जात नाही.

कागदपत्र_काका · 14 मे

सर्वांचे मुद्दे उत्तम. विम्यात पंचवीस वर्षं काम केलं आहे, म्हणून दोन गोष्टी.

गाडी उभीच आहे म्हणून पावसाळ्यात पॉलिसी संपू देऊ नका. चोरी, आग, पूर हे उभ्या गाडीलाच जास्त होतं. मुदत संपून 90 दिवस उलटले तर आजवर साठलेला नो क्लेम बोनस जातो. पूर्ण विमा असेल तर पुराचं नुकसान त्यात येतं, पण कृष्णाकाठ यांच्या भावानं केलं तसं पाण्यात सेल मारल्यावर इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर असतं.

दुसरं, गाडीत जो बदल केला आहे तो आरसी बुकावर आहे का ते बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनानं बदल करू देत नाही. नोंद नसेल तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न तोच निघतो. जागा कुणाची का असेना, अगदी मामांची, एका कागदावर कधीपासून कधीपर्यंत, भाडं किती, चावी कुणाकडं, एवढं लिहून दोघांच्या सह्या. नात्यात हे लिहायला संकोच वाटतो, पण प्रसंग आला की तोच कागद नातं वाचवतो.

सोलर_कराड · 15 मे

माझं मत वेगळं. लाईटचा पॉईंट कशाला हवा? छपरावर 100 वॅटचं पॅनेल आणि पॅनेलचा करंट आवरून बॅटरीला देणारा चांगला कंट्रोलर, बॅटरी कायम भरलेली. आमच्याकडं कराडात मी अशा गाड्या केल्यात.

मिरज_वायरिंग · 15 मे

@सोलर_कराड पॅनेल छपरावर आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, मग ऊन कुठनं?

सोलर_कराड · 15 मे

बरोबर, ते राहिलं. शेडमध्ये लावली तर पॅनेल शेडच्या पत्र्यावर ठेवून वायर खाली घ्यायची, 20-40 वॅटचं सुटं पॅनेल सुद्धा पुरतं, नुसती बॅटरी राखायची तर. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही हे खरं, तरी ढगातनं थोडंफार येत राहतं. एक लक्षात ठेवा, बॅटरी काढायची असेल तर आधी पॅनेलची वायर काढायची, मग बॅटरीची. उलटं केलं तर बरेच कंट्रोलर जळतात. माझ्या एका गिऱ्हाइकाचे असे दोन गेले.

हिंजवडी_ते_सातारा · 15 मे

सगळे लेड ॲसिडचंच बोलताय. मी गेल्या वर्षी लिथियम फेरो फॉस्फेट घातली, 100 एएच. वजन निम्म्याच्या आत, पाणी घालणं नाही, सल्फेट नाही. नवीन घ्यायचीच होती तर लिथियम का नाही घेतली?

मिरज_वायरिंग · 15 मे

चांगलीच आहे, खिशाला परवडत असेल तर. पण ठेवायची रीत अगदी उलटी. लेड ॲसिड भरून ठेवायची, लिथियम 50-60 टक्क्यांवर ठेवायची, भरून चार महिने ठेवली तर आयुष्य कमी होतं. तिच्यात आत बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) असतं, ते पण थोडं पीत राहतं, त्यामुळं अगदी रिकामी करून ठेवली तर बीएमएस बंद पडतो आणि मग साधा चार्जर तिला ओळखत नाही. आणि व्होल्ट बघून लिथियम किती भरलीय ते कळत नाही, 90 टक्के आणि 40 टक्के यात आकडा फार थोडा हलतो. जुना ट्युब्युलरचा इन्व्हर्टर तिला तसाच जोडायचा नाही.

तांबडा_रस्सा · 15 मे

म्हणजे एकीला पोटभर जेवण आणि एकीला अर्धपोटी. सासू-सून एकाच घरात.

यवतेश्वरचं_वळण · 17 मे

मंडळी, मोजलं.

पेठेतनं मीटर आणला, रविवारी सकाळी पोरीला वही-पेन घेऊन शेजारी बसवलं, ती आकडे लिहीत होती. इंजिनाच्या बॅटरीवर 0.04 ॲम्पिअर. ट्रॅकरचा फ्यूज काढला तर 0.01. म्हणजे ट्रॅकर 30 मिलिॲम्पिअर.

मागची बॅटरी: 0.36.

मला वाटलं मीटर बिघडला. सगळे दिवे बंद, फ्रीज बंद, पंप बंद. मग मिरजकर काकांनी सांगितलं तसं एकेक फ्यूज काढत गेलो. फ्रीज काढला, काही नाही. दिवे काढले, काही नाही. शेवटी इन्व्हर्टरची जाड वायर काढली आणि आकडा 0.02 वर आला. इन्व्हर्टरच्या पुढच्या बटणानं सॉकेट बंद होतं, पण मशीन आत जागं राहतं. कान लावला तर अगदी बारीक घूं आवाज येतो, बेडच्या खाली असल्यामुळं दोन वर्षांत एकदाही ऐकू आला नाही.

0.36 गुणिले 24 म्हणजे दिवसाला साडेआठ एएचच्या वर. 150 भागिले तेवढं, म्हणजे सतरा-अठरा दिवस. जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच मेली होती ती, पुढचे तीन महिने मी मेलेली बॅटरी ताडपत्रीखाली राखत होतो.

मिरज_वायरिंग · 17 मे

शाब्बास. पोरीला माझ्याकडनं शाबासकी द्या, निम्मी वायरमन झाली ती.

आता करायचं ते सांगतो. इन्व्हर्टर आणि बाकी सगळ्याच्या आधी, बॅटरीजवळ, एक कटऑफ स्विच बसवून घ्या, लाल चावीचा मिळतो. इन्व्हर्टर जो करंट ओढतो तेवढा झेपणारा घ्या, हलका घेतला तर गरम होतो. इंजिनाच्या बॅटरीला पण एक. ट्रॅकर मात्र चालू राहायला हवा असेल, चोरीच्या दृष्टीनं तो हवाच, तर त्याची वायर स्विचच्या आधी घ्या, फ्यूज घालून. 30 मिलिॲम्पिअर म्हणजे महिन्याला बावीस एएच, तेवढं चार्जर भरून काढेल.

लाईट आहे तिथं लावणार असाल तर तीन टप्प्यांचा ऑटोमॅटिक चार्जर घ्या, जो भरल्यावर स्वतःहून फ्लोटवर, म्हणजे नुसती भरलेली राखण्यापुरत्या व्होल्टवर येतो, 13.5 ते 13.8 व्होल्ट. साधा गॅरेजचा चार्जर चार महिने लावून ठेवायचा नाही, तो थांबत नाही, पाणी उडवतो. ट्युब्युलरला दीडेक महिन्यानं डिस्टिल्ड वॉटर बघायचं, तेही चार्ज झाल्यावर टॉप करायचं, आधी भरलं तर चार्जिंगला वर येऊन सांडतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळं ज्या कप्प्यात बॅटरी आहे त्याला बाहेर हवा जायला जागा हवी. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह.

शेतातली लाईट सांगू नका, तिथं कधी येते कधी जाते आणि व्होल्टेजचा भरवसा नाही. मंगल कार्यालयातला पॉईंट घ्या पण अर्थिंग आहे का ते बघून, पावसाचं पाणी उडेल अशा शेडमध्ये जोड असलेली वायर चालणार नाही.

आणि एक, ट्युब्युलर भरल्यावर चार्जर काढून रात्रभर ठेवून मोजली तर 12.5 च्या आसपास दाखवते. इंजिनाची बॅटरी 12.6-12.7 दाखवते. ट्युब्युलरचं ॲसिड मुळात पातळ असतं म्हणून तो फरक, घाबरू नका. दोन्हींत 12.2 च्या खाली गेली की अर्धी रिकामी समजा.

कृष्णाकाठ · 17 मे

चोरीचं कुणी नीट बोललंच नाही. वॉचमन रात्रंदिवस आहे म्हणतात, पण लग्नाच्या तिथी असतात तेव्हा तिथं पाचशे माणसं आणि शंभर गाड्या. मंडपवाले, केटरिंगवाले मागच्या शेडमध्येच वावरतात. बॅटरी चोरायला दोन मिनिटं पुरतात.

यवतेश्वरचं_वळण · 18 मे

हे आज जाऊन बघून आलो. पावसाळ्यात जुलै मध्यापर्यंत तिथी असतात, मग चातुर्मासात सामसूम. म्हणजे पहिला सव्वा महिना गर्दी आणि नंतर अगदी एकांत, दोन्ही वेगळ्या प्रकारचे धोके. वॉचमन काका स्वतः तिथंच राहतात, बायको आणि दोन कुत्री, खोलीचं दार शेडसमोर उघडतं. मी त्यांच्याशी तासभर बसलो, चहा झाला. त्यांनी स्वतःहून सांगितलं की मागचं दार भिंतीला चिकटवून लावा, म्हणजे मागनं कुणी उघडूच शकणार नाही, आणि पुढं आमचा पाण्याचा टँकर उभा असतो तो रात्री आडवा लावतो.

बंद गोडाऊनच्या मालकानं गाडी कसली आहे हे सुद्धा विचारलं नव्हतं.

अनघा_शाहूपुरी · 18 मे

झालं की मग ठरलं. चाकाला लॉक लावा, स्टिअरिंगला लॉक लावा, आणि वॉचमन काकांना महिन्याला वेगळे काहीतरी द्या, मालकाच्या भाड्यातनं त्यांना मिळत नसणार.

दहाचाकी_दादा · 18 मे

आणि महिन्यातनं एकदा पाऊस उघडला की नागठाण्यापर्यंत हायवेनं जाऊन ये, जाऊन-येऊन वीसपंचवीस किलोमीटर. इंजिन तापतं, ब्रेक सुटतात, टायर फिरतात. मिरजकर, हे तरी चालेल का?

मिरज_वायरिंग · 18 मे

हे एकदम बरोबर, दादा. रस्त्यावर पळवली तर सगळंच साधतं. निघायच्या आधी चार्जरची वायर काढायला विसरू नका एवढंच.

माणदेशी_वारा · 18 मे

म्हणजे म्हसवड रद्द? मटण सांगून ठेवलेलं.

यवतेश्वरचं_वळण · 18 मे

जागा रद्द, जेवण नाही. ऑक्टोबरात पहिली ट्रिप तुमच्याकडंच.

यवतेश्वरचं_वळण · 9 जुलै

मंडळी, मधे लिहायला जमलं नाही. 3 जूनला गाडी लावली. फळ्या टाकल्या, हँडब्रेक सोडली, ठोकळे लावले, भोकं घासणीनं बुजवली (खालनं बघितल्यावर अकरा निघाली), गाद्या घरी आणल्या. दोन कटऑफ स्विच बसवले. कागदपत्र काकांचं ऐकून कार्यालयाच्या मालकांशी कागद केला, ते उलट खूश झाले. आरसीची नोंद अर्धवट होती, ती पूर्ण करायला टाकलीय.

आज पाच आठवड्यांनी गेलो, सकाळपासनं धो धो. मागच्या बॅटरीचा चार्जर मी मुद्दाम लावला नव्हता, नुसता कटऑफ करून बघायचं होतं किती उतरते. मीटर धरला, पोरगी वही घेऊन शेजारी. 12.46. लावताना 12.53 होती. आता चार्जर लावून आलोय.

गाडीत वास नाही. ड्रॉवर पोरीनंच उघडला, आधी थोडासा, मग पूर्ण. रिकामा होता. तिनं वहीत आकड्याखाली तेही लिहिलं, "उंदीर नाही."

तांबडा_रस्सा · 9 जुलै

लई भारी. आता पावसानं उसंत दिली की नागठाण्याची फेरी मारा, येताना मला सातारा रोडवरनं उचला.

मिरज_वायरिंग · 10 जुलै

12.46 उत्तम आहे. आता ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी बघा, दोन प्लेटा उघड्या दिसल्या तर आधी प्लेट बुडण्यापुरतंच घाला, बाकीचं चार्ज झाल्यावर.